लावणीआधी लेप्टोचा निरोप वाडीवाडीत कसा पोहोचवावा

मे संपत आला की कोकणातल्या बऱ्याच ग्रामपंचायतींत तीच गडबड सुरू होते. कुणीतरी म्हणतं, "लेप्टोचं काहीतरी करायला हवं." लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखल-पाण्यातून होणारा ताप. मग फ्लेक्स छापायला जातो. त्यावर उंदराचं चित्र, दहा लक्षणं, बारा खबरदाऱ्या आणि खाली पदाधिकाऱ्यांच्या नावांची रांग. तो टांगला जाईपर्यंत मृगाचा पाऊस पडून गेलेला असतो आणि ज्यांनी वाचायचा ती माणसं शेतात असतात. पुढे कुणी विचारलंच, तर जनजागृती झाली म्हणून दाखवायला फ्लेक्सचा फोटो तेवढा हाताशी असतो.

ज्यांच्यावर हे काम येऊन पडतं, म्हणजे आशाताई, आरोग्यसेवक, ग्रामपंचायत सदस्य, बचतगटाच्या अध्यक्षा, शिक्षक, मंडळाची पोरं, त्यांनी फ्लेक्सची ऑर्डर देण्याआधी हे वाचावं. उदाहरण लेप्टोचं घेतलंय, पण दोडामार्गाकडचा माकडताप, फुरशाचा दंश किंवा विहिरीच्या गढूळ पाण्याने होणारे जुलाब यांनाही हाच क्रम लागू पडतो. बहुतेक ठिकाणी गाडं अडतं ते क्रमातच. लोक साधनापासून सुरुवात करतात आणि निरोप काय द्यायचा याकडे सगळ्यात शेवटी येतात.

आधी तारखा मागून पुढे लावा

रोहिणी २५ मेच्या सुमारास लागते, मृग ७-८ जूनला. लावणी जूनअखेरपासून जुलैभर. म्हणजे चिखलात पाय पडायच्या आधी निरोप कानावर पडायचा असेल, तर वाडीबैठका ३१ मेच्या आत आटोपायला हव्यात. मजकूर १० मेपर्यंत पक्का, लोकांवर तपासून झालेला. १ मेच्या ग्रामसभेत फक्त तारखा आणि जबाबदाऱ्या जाहीर करायच्या, व्याख्यान द्यायचं नाही. ग्रामसभेला येतात त्यातले निम्मे रस्त्याच्या आणि नळाच्या प्रश्नासाठी आलेले असतात.

मे महिना लग्नाकार्याचा आणि चाकरमान्यांचा, "लोकांना वेळ कुठे आहे?" असं तुम्हाला सांगितलं जाईल. ऐकू नका. चाकरमानी गावात असणं हा फायदा आहे, तो कसा ते पुढे येईल.

पायरी १: ज्या दारात पाठवणार, ते दार उघडं आहे का बघा

ही पायरी सगळे गाळतात. एका गावात आम्ही "ताप आला तर लगेच उपकेंद्रात जा" असं घरोघर सांगितलं. पहिली बाई ताप अंगावर घेऊन तीन किलोमीटर चालत गेली, तर दाराला कुलूप. आरोग्यसेविका त्या दिवशी तालुक्याच्या बैठकीला गेली होती. बाई परत आली, मेडिकलमधून अंगदुखीची गोळी घेतली आणि संध्याकाळी वाडीला काय सांगितलं असेल ते लिहायला नको. त्या वाडीत त्या पावसाळ्यात आमचं कुणी काही ऐकलं नाही, आणि चूक आमचीच होती.

म्हणून मजकुराचा एक शब्द लिहिण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन समोरासमोर एवढं विचारून घ्या:

१. उपकेंद्र कोणत्या दिवशी, किती ते किती उघडं असतं? सेविका बैठकीला किंवा लसीकरणाला गेली, तर तिथे कोण असतं?

२. रात्री ताप वाढला तर कुठे जायचं? आरोग्य केंद्रात डॉक्टर रात्री असतात की ग्रामीण रुग्णालय गाठावं लागतं? १०८ ची गाडी तुमच्या वाडीपर्यंत येते की मुख्य रस्त्यावर थांबते?

३. डॉक्सीसायक्लिनच्या (लेप्टो टाळण्यासाठी आधीच देतात त्या प्रतिजैविकाच्या) गोळ्या आल्या आहेत का, किती आणि कुणाला द्यायच्या? हा निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्यांचा. तुम्ही फक्त त्यांचं उत्तर लिहून घ्यायचं.

४. गावातले खासगी डॉक्टर आणि मेडिकलवाले यांना ही मोहीम माहीत आहे का? नसेल तर त्यांना आधी भेटा. बहुतेक माणसं पहिल्यांदा त्यांच्याकडेच जातात.

५. तयार साहित्य काही आहे का? जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात जिल्हा विस्तार व माध्यम अधिकारी असतात. पोस्टर, फ्लिपचार्ट, ध्वनिफिती त्यांच्याकडे मागता येतात. चांगलं मिळालं तर स्वतः चित्रं काढत बसू नका.

तपासा: वर मिळालेल्या वेळा आणि जागा एका कागदावर लिहून वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवल्या का? नुसत्या "हो, असतो आम्ही" या उत्तरावर पुढे जाऊ नका.

पायरी २: वाड्यांची वही

कोकणातलं गाव एका चौकात सापडत नाही. वरची वाडी सड्याला, खालची वाडी व्हाळाच्या काठी, बौद्धवाडी वेगळी, कोळीवाडा खाडीकडे, मोहल्ला बंदराजवळ, धनगरवाडा डोंगरात. "गावात सांगितलं" याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की ग्रामपंचायतीच्या आसपासच्या दोन वाड्यांत सांगितलं.

दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक वाडीला एक पान द्या. त्या पानावर: घरं किती, शेती कोण करतं, गुरं कुणाकडे, फोनला रेंज कुठे मिळते (घरात, खळ्यात की फक्त त्या एका वळणावर), बायका एकत्र कधी भेटतात, पुरुष कधी, आणि कुणाचा शब्द चालतो. शेवटचा रकाना नीट विचारून भरा. शब्द चालणारा माणूस गावकीचा मानकरी असेलच असं नाही. काही वाड्यांत तो पॉवर टिलरवाला असतो, कारण जून-जुलैत तो प्रत्येकाच्या शेतात जातो. काही ठिकाणी बाळंतपणाला धावून जाणारी म्हातारी असते.

कोळीवाड्याची वेळ वेगळी. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे पुरुष घरी सापडतात ते नंतर. तिथली बैठक जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेवलेली बरी. मोहल्ल्यात आधी जमातीच्या पुढाऱ्यांशी बोला. शुक्रवारच्या नमाजानंतर दोन मिनिटं मिळाली, तर पुरुषांपर्यंत एका फेरीत पोहोचता येतं. बायकांसाठी मात्र वेगळं घर, वेगळी वेळ.

सावध: देवळाचा सभामंडप सगळ्यांत सोयीचा वाटतो. पण मासिक पाळीतल्या बायका तिथे येत नाहीत, काही वाड्यांतली माणसं येत नाहीत आणि आली तरी मागे उभी राहतात. अंगणवाडी, शाळा किंवा कुणाचं तरी मोठं खळं यातलं एक निवडा.

पायरी ३: निरोप तीन वाक्यांत बसवा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. एक अख्खी संध्याकाळ गेली तरी चालेल.

रोगाबद्दल तुम्हाला स्वतःला माहीत हवं ते एवढं. लेप्टोस्पायरा नावाचे जिवाणू उंदीर-घुशी, गुरं, कुत्री, डुकरं यांच्या लघवीतून ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात उतरतात. पायाच्या चिरा, चिखल्या, हातावरची खरचट, डोळे-नाक-तोंडाचा आतला ओला भाग यांतून ते अंगात शिरतात. ताप साधारण पाच ते चौदा दिवसांनी येतो, कधी दोन दिवसांत तर कधी महिन्याने. एकदम ताप, डोकं ठणकणं, अंग मोडून येणं, पोटऱ्या विशेष दुखणं, डोळे लाल होणं ही सुरुवात. पुढे लघवी कमी होणं, कावीळ, धाप, रक्त पडणं, म्हणजे दुखणं हाताबाहेर चाललं. लवकर औषध मिळालं तर बहुतेक रुग्ण बरे होतात. पहिल्या काही दिवसांत रक्तातल्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टर संशयावरूनच उपचार सुरू करतात.

हे सगळं लोकांना सांगायचं नाही. त्यांच्याकडून काय व्हायला हवं, एवढंच बघा. घोळ नेमका कुठे होतो? लावणी करून माणूस घरी येतो, कंबर धरलेली, पोटऱ्या भरून आलेल्या. ताप आला तरी तो म्हणतो, "लावणीचं अंग आहे, दोन दिवसांत बरं होईल." ते दोन दिवसच महागात पडतात. म्हणजे निरोपाचा सगळा भर तापाच्या पहिल्या दिवसावर हवा. उंदरांवर नको.

आमचा पहिला मजकूर असा होता: "अंग लावणीने दुखतं, पण ताप लावणीने येत नाही." आम्हाला तो फार आवडला होता. पुढच्या पायरीत त्याचं काय झालं ते वाचा. शेवटी टिकला तो मजकूर हा:

"चिखलात किंवा गोठ्यात काम केलंत आणि पुढच्या महिनाभरात ताप आला, तर तो कशाने आला हे घरी ठरवू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. मी चिखलात होतो, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा."

तिसरं वाक्य गाळू नका. पावसाळ्यात दवाखान्यात तापाची रांग असते, आणि "चिखलात होतो" हे कानावर पडलं की डॉक्टरांचा विचार दुसऱ्या दिशेला वळतो. रुग्णाला फुकटात करता येण्यासारखी ही गोष्ट आहे.

गोठ्याचा उल्लेखही मुद्दाम आहे. पोस्टरवर नेहमी नांगर धरलेला पुरुष दिसतो. शेणगोठा मात्र घरातली बाई करते, बऱ्याचदा अनवाणी आणि उघड्या हातांनी. तिला ते चित्र आपलं वाटत नाही.

आता गमबुटाबद्दल. प्रत्येक पत्रकात "गमबूट वापरा" असतंच. चिखलणी केलेल्या मळीत, म्हणजे भाताच्या खाचरात, गमबूट घालून एकदा दहा पावलं चालून बघा. बूट चिखलात राहतो आणि पाय बाहेर येतो. ज्याला हे माहीत आहे तो तुमच्या पत्रकाचा पुढचा भागही वाचत नाही. गोठा साफ करताना, बांधावर, पाणंदीतून जाताना गमबूट जरूर सांगा. मळीत उतरणाऱ्याला मात्र जमेल तेवढंच सांगा: पायाला चीर किंवा चिखल्या असतील तर आधी दाखवून औषध घ्या, जखम झाकून घ्या, जमलं तर त्या दिवशी चिखलाबाहेरचं काम करा, आणि शेतातून आल्यावर चूल पेटवायच्या आधी साबणाने हातपाय धुवा. हे मुख्य निरोपात घुसवायचं नाही. बैठकीत सांगायचं.

सावध: डॉक्सीसायक्लिनचा उल्लेख रिक्षावरच्या भोंग्यात किंवा व्हॉट्सअॅपवर करू नका. जोखमीच्या माणसांना ही गोळी आठवड्यातून एकदा, २०० मिलीग्रॅम अशी देतात, पण गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत. भोंग्यातून "गोळी घ्या" एवढंच ऐकू जातं, "कुणी घेऊ नये" हे वाऱ्यावर जातं. गोळी आशाताईंनी किंवा आरोग्यसेवकाने हातात देतानाच सांगावं: जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत, आणि लगेच आडवं व्हायचं नाही. गोळी घेतली म्हणजे तापाकडे दुर्लक्ष चालेल असं नाही, हेही त्याच वेळी.

पायरी ४: छापण्याआधी सहा माणसांवर तपासा

सहा माणसं पुरतात, पण ती तुमच्यातली नसावीत. दोन शेतकरी पुरुष, गोठा बघणाऱ्या दोन बायका, एक साठीच्या पुढचं माणूस, एक मजूर. शिक्षक, पोलीस पाटील, स्वतः आशाताई यांच्यावर तपासून उपयोग नाही, त्यांना उत्तर आधीच माहीत असतं.

मजकूर एकदाच वाचून दाखवा. मग इकडच्या तिकडच्या चार गोष्टी बोला. पाच मिनिटांनी विचारा, "मघाशी मी काय सांगितलं, ते तुमच्या जावेला कसं सांगाल?" "समजलं का?" हा प्रश्न कधीही विचारू नका, त्याला कोकणात "हो हो" हे एकच उत्तर आहे आणि पाठोपाठ चहा येतो.

आमचं ते आवडतं वाक्य इथेच पडलं. एक आजी म्हणाल्या, "लावणीनं नसंल येत, पण भिजल्यावर तर येतोच ना ताप?" बरोबरच होतं त्यांचं. लावणी हे कारण आम्ही काढून घेतलं होतं, तर लोकांनी पाऊस हे कारण पुढे केलं. म्हणून "कशाने आला हे घरी ठरवू नका" असं करावं लागलं. दुसरी दुरुस्ती "तात्काळ" या शब्दाची. एकाने त्याचा अर्थ "दोन-तीन दिवसांत" असा सांगितला, म्हणून "त्याच दिवशी".

चित्रंही अशीच तपासा. चित्र हातात द्या, मजकूर झाका आणि "यात काय चाललंय?" एवढंच विचारा. नेहमी सापडणाऱ्या चुका:

१. नुसत्या पायाचं चित्र. माणूस पूर्ण दिसला नाही तर बघणारा "पाय तुटलाय" म्हणतो.

२. लाल फुली. ती "हे करू नका" अशी वाचली जातेच असं नाही, काहींना ती दवाखान्याची खूण वाटते.

३. ओळीने चार चित्रं. मोहल्ल्यात उर्दू वाचणारी माणसं ती उजवीकडून बघू शकतात. प्रत्येक चित्रावर मोठा आकडा टाका, नाहीतर एकच चित्र ठेवा.

४. शेत देशावरचं. सपाट काळी जमीन आणि बैलजोडी दाखवली की "हे आमच्याकडचं न्हवं" असं म्हणून माणूस सुटतो.

बोलीचा प्रश्न इथेच सोडवा. लिहिलेला मजकूर साध्या मराठीत ठेवा, बोललेला त्या त्या बोलीत. सिंधुदुर्गात "ताप इलो तर त्याच दिवशी दवाखान्यात जावक व्हया" असं वाडीतल्याच बाईच्या आवाजात ऐकवलं तर माणसं थांबून ऐकतात. पण तेच पोस्टरवर छापलं की गंमत वाटते आणि फोटो काढून पुढे पाठवला जातो. बोली येत नसेल तर तिची नक्कल करू नका, येणाऱ्याकडून बोलवून घ्या.

तपासा: सहापैकी पाच जणांनी "त्याच दिवशी" आणि "चिखलात होतो हे सांगायचं" या दोन्ही गोष्टी आपणहून सांगितल्या का? नसतील तर मजकूर बदला आणि दुसऱ्या सहा जणांकडे जा.

पायरी ५: आता साधन निवडा

*फ्लेक्स आणि पोस्टर.* फ्लेक्स वारा धरतो आणि पहिल्या वादळात फाटतो. करायचाच असेल तर एक, एसटीच्या थांब्यावर, भोकं पाडून वारा जाईल असा. कागदी पोस्टर चिऱ्याच्या उघड्या भिंतीला चिकटत नाही, आणि जुलैत भिंतीला शेवाळ धरतं ते वेगळंच. पोस्टर प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वरचं तोंड दुमडून, सुतळीने आतल्या बाजूला टांगा. जागा: रेशन दुकान, भाताची गिरणी, बियाणं-खत मिळतं ती सोसायटी, मेडिकल, दूध डेअरी. दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर निदान इंचभर उंच हवं. त्या मापाने तीन वाक्यं आणि दवाखान्याची वेळ एवढंच मावतं, हे चांगलंच आहे. पदाधिकाऱ्यांच्या नावांना जागा उरत नाही. त्यावरून वाद होईल, तो आधीच उरकून घ्या.

*रिक्षावरचा भोंगा.* यासाठी पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते, आणि रात्री दहा ते सकाळी सहा वाजवता येत नाही. खरी चूक वेगाची असते. आपली तीन वाक्यं सावकाश वाचली तर पंचवीस सेकंद लागतात. ताशी तीस किलोमीटरने जाणारी रिक्षा तेवढ्यात दोनशे मीटर पुढे जाते, म्हणजे कुठल्याच घराला पूर्ण निरोप ऐकू येत नाही. प्रत्येक वाडीच्या वळणावर रिक्षा थांबवा, इंजिन बंद करा, तीनदा वाजवा, मग पुढे जा. सुरुवातीला गाणं लावायचा मोह आवरा. पाऊस कौलांवर वाजायला लागला की भोंगा फुकट, म्हणून हे काम मेमध्येच.

*व्हॉट्सअॅपचा आवाजी निरोप.* माझ्या अनुभवात कोकणासाठी सगळ्यात कामाचं साधन हेच, पण लोक ते चुकीच्या दिशेने वापरतात. ते गावातल्या ग्रुपवर टाकतात. गावात रेंज नाही, आईकडे साधा फोन. निरोप टाकायचा तो वाडीच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर. लालबाग, भांडुप, नालासोपारा, डोंबिवलीत बसलेला मुलगा तो ऐकतो आणि रात्री आईला फोन करून विचारतो, "ताप नाही ना गं आला?" आईच्या दृष्टीने सरकारी भोंग्यापेक्षा तो शब्द मोठा. मेमध्ये चाकरमानी गावात असतानाच त्यांच्याशी हे बोलून ठेवा. त्यांना एक ठरावीक काम द्या: जुलैभर दर रविवारी घरी फोन केला की हा एक प्रश्न विचारायचा.

करताना पाळायच्या गोष्टी: निरोप चाळीस सेकंदांच्या आत. सुरुवातीलाच आवाजात गावाचं नाव आणि तारीख सांगा, नाहीतर तीन वर्षांनी तोच निरोप दुसऱ्या जिल्ह्यात फिरत राहतो. पीडीएफ पाठवू नका, कुणी उघडत नाही. ब्रॉडकास्ट यादीने पाठवत असाल तर लक्षात ठेवा, ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो पोहोचतो. बैठकीत पहिलं काम नंबर साठवून घेण्याचं करा.

*फ्लिपचार्ट.* लोकांकडे चित्र, तुमच्याकडे मजकूर. बहुतेक जण तो स्वतःकडे वळवून वाचायला लागतात आणि समोरच्यांना पुठ्ठा दिसतो. पंधरा-वीस माणसांच्या वर तो दिसत नाही. मागे बसलेल्या बायकांपर्यंत चालत जाऊन दाखवा.

*कलापथक, दशावतारी किंवा नमनातला प्रवेश.* लोक हसतात, लक्षातही ठेवतात, पण लक्षात राहतो तो उंदीर झालेला नट. पैसे आणि माणसं असतील तर करा. तीन वाक्यं मात्र शेवटी रंगमंचावरून सरळ बोलली गेली पाहिजेत.

पायरी ६: वाडीची बैठक, पंचवीस मिनिटांत

आदल्या दिवशी घरोघर तोंडी निरोप, त्या वाडीतल्याच माणसाकडून. बायकांसाठी दुपारी अडीच ते चार, पुरुषांसाठी संध्याकाळी भजनाच्या आधी.

१. पहिली पाच मिनिटं विचारा: "गेल्या पावसात तुमच्याकडे तापाने कोण आजारी पडलं होतं? पहिल्या दिवशी काय केलं?" त्यांना बोलू द्या. कुणाला चुकीचं ठरवू नका.

२. पुढची पाच मिनिटं तीन वाक्यं, दोनदा. फ्लिपचार्टची तीनच पानं.

३. मग दहा मिनिटं जखमा, चिखल्या, गोठा आणि गमबूट. इथे साबण आणि बादली घेऊन प्रत्यक्ष दाखवा. पायाच्या बोटांच्या बेचक्या प्रत्येकाने स्वतः तपासायच्या. हा भाग लोकांना आवडतो, कारण तेवढ्यात दोघा-तिघांच्या चिखल्या सापडतात आणि आरोग्यसेवक तिथेच सल्ला देऊ शकतो.

४. शेवटची पाच मिनिटं उलट प्रश्न. "उद्या तुमच्या शेजारणीला ताप आला तर तिला काय सांगाल?" तीन वेगवेगळ्या माणसांकडून उत्तर घ्या, पुढे बसलेल्या हुशार मुलाकडून नको.

उपकेंद्राच्या वेळा आणि १०८ हा आकडा खडूने दाराच्या आतल्या बाजूला लिहून द्या, पत्रक वाटण्यापेक्षा स्वस्त पडतं आणि पावसाळाभर टिकतं. साध्या सल्ल्यासाठी १०४ आहे, तोही लिहा, पण ताप असलेल्याने फोनवर सल्ला घेत बसायचं नाही हे सांगून.

सावध: मृत्यूच्या गोष्टी सांगून घाबरवू नका. घाबरलेला माणूस सरळ देवस्कीकडे किंवा सलाईन लावणाऱ्याकडे जातो. गुरवाला किंवा मांत्रिकाला नावं ठेवूनही काही साधत नाही. "गाऱ्हाणं घाला, पण दवाखान्यात जाऊन आल्यावर" हे वाक्य आमच्याकडे चाललं.

पायरी ७: जुलैतली दुसरी फेरी

मेमध्ये ऐकलेलं जुलैत आठवत नाही, आणि ताप तर तेव्हाच येतो. पण जुलैत बैठक घेता येत नाही. म्हणून निरोप दुसऱ्याच्या कामावर चढवा. पॉवर टिलरवाल्याला एक वाक्य द्या. लावणीला घरी चहा-भाकरी येते, ती घेऊन येणाऱ्या बाईला सांगून ठेवा. शाळेत मुलांना दर सोमवारी एकच प्रश्न: "घरात कुणाला ताप आहे का?" हात वर आला तर शिक्षकांनी आशाताईंना फोन करायचा. नाव मात्र वर्गात उच्चारायचं नाही.

पाणी साचलेलं आहे तोवर हे सोडू नका. गणपतीपर्यंत तरी चालू ठेवाच.

गावात रुग्ण सापडला तर त्याचं नाव, फोटो, रिपोर्ट कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर तर नाहीच. एवढंच कळवा: "आपल्या भागात लेप्टोचा ताप दिसला आहे. माणसापासून माणसाला तो सहसा होत नाही, कुणाच्या घरी जाणं टाळू नका. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना." त्या घरावर वाडीने बहिष्कार घातल्यासारखं केलं, तर पुढचा रुग्ण ताप लपवेल. "रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे लेप्टो नव्हताच, औषध बंद करा" ही अफवा हमखास येते. तिचं उत्तर डॉक्टरांच्या आवाजात आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवा.

पायरी ८: पोहोचलं का ते मोजा

ऑगस्टच्या सुरुवातीला प्रत्येक वाडीत दहा घरं घ्या, रस्त्यापासून लांबची पाच त्यात हवीतच. बैठकीला जी व्यक्ती नव्हती तिला विचारा. प्रश्न तीनच:

१. ताप आला तर काय कराल?

२. किती वेळात?

३. डॉक्टरांना काय सांगाल?

उत्तर त्यांच्या शब्दांत वहीत उतरवा, पर्याय वाचून दाखवू नका. सोबत आरोग्य केंद्रातून एक गोष्ट मिळवा: तापाचे रुग्ण कितव्या दिवशी आले, वाडीनिहाय. नावं नकोत, दिवस आणि वाडी पुरे. ज्या वाडीत दहापैकी सहापेक्षा कमी घरांनी "त्याच दिवशी" म्हटलं, तिथे त्याच आठवड्यात पुन्हा जा, आणि या खेपेला दुसऱ्या माणसाला पाठवा. निरोप तोच ठेवून नुसता माणूस बदलल्यावर उत्तरं बदलल्याचं मी दोनदा पाहिलं आहे.

वही ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवू नका, ते कपाट मार्चमध्ये उघडतं. ती आशाताईंकडे असू दे, आणि पहिल्या पानावर पुढच्या वर्षीच्या १० मेची तारीख लिहून ठेवा.